अंड्यांच्या ट्रेमधला चिंचोका

सुलभाताई गेल्याचा फोन केडगावहून, तिच्या घरून आला, तेव्हा शिरूरच्या आमच्या पाणी-तपासणी लॅबमध्ये मी तिनेच लिहिलेला प्रोग्राम चालवत होते. महिना होऊन गेला... अजून कुणी तिच्या टेबलाला ‘रिकामं टेबल’ म्हटलं की मला राग येतो.

ताई संख्याशास्त्र शिकलेली, पण आम्हाला शिकवायची अंड्यांच्या कागदी ट्रेवर. एकावर एक ट्रे रचले की झालं आमच्या आकड्यांचं त्रिमितीय कोष्टक. “आडवी ओळ म्हंजी विहीर, उभी रांग म्हंजी हंगाम, आन् कितवा ट्रे, त्ये माप. क्षार, नायट्रेट, काय आसंल त्ये. तिन्ही सांगितलं तर एकच खड्डा हाती लागतो. हंगाम सांगायचा ऱ्हायला, तर त्या विहिरीचे सगळेच हंगाम!” असं म्हणत ती खड्ड्यांत चिंचोके टाकायची. आम्ही हसायचो, पण कॉम्प्युटरवर कंसातली ती तीन घरं भरताना कुणाचा हात अडला नाही.

आणि चुकली तीच. काही वर्षांपूर्वी मांडवगण फराटा गावच्या एका आबांच्या विहिरीचं पावसाळ्यातलं क्षाराचं माप दुरुस्त करताना तिने हंगामाचं घर मोकळं सोडलं. प्रोग्रामने निमूटपणे सगळ्या हंगामांत तोच आकडा भरला. उन्हाळ्यातलं खारं पाणी अहवालात गोड झालं आणि त्या भरवशावर आबा लिंबाची बाग लावायला निघाले. चूक लक्षात आली त्याच दुपारी ताई मला ओढत जीपने मांडवगणला गेली.

“रोपं लावू नका, आबा. चूक माझी हाय.”

“कॉम्प्युटरची आसंल वो, मॅडम,” आबांनी तिला सांभाळून घेतलं.

“न्हाई. त्यानं मी सांगितलं तेवढंच केलं. उन्हाळ्यात तुमचं पाणी खारं व्हतंय, लिंबू जळंल. चिकू लावा, त्यो सोसतो.”

परतल्यावर तिने क्षाराच्या ट्रेमध्ये, आबांच्या विहिरीच्या उन्हाळ्यात, एक चिंचोका कायमचा ठेवून दिला. कुणी विचारलं तर सरळ सांगायची, “माझी चूक हाय. दिसू द्या.” असली ऐट मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

परवा आबा लॅबमध्ये आले. बातमी त्यांना उशिरा कळली होती. ताईने त्यांना चिंचोक्याबद्दल सांगितलेलं होतं; थेट तिच्या टेबलावरच्या ट्रेंपाशी गेले.

“ह्यातला आमचा खड्डा कंचा?”

मी वरचे ट्रे उचलून दाखवला. आबांनी खिशातून आपल्या बागेतला चिकू काढला आणि चिंचोक्यावर अलगद ठेवला.

वरचे ट्रे आता नीट बसत नाहीत. मी ते तसेच राहू दिलेत.