रेणुकाचा फुगा पुढंच गेला होता

रेणुकाला मी दोनशे पोरांसमोर खोटं पाडलं. आणि ती खरी होती.

आज तिला जाऊन चार वर्षं झाली.

त्या बॅचची बरीच मुलं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. कुणी एमबीबीएसला आहे, कुणी नांदेडला इंजिनिअरिंग करतंय. पोरांनो, हे तुमच्यासाठी आहे. लाईक करून पुढं जाऊ नका, पूर्ण वाचा.

लातूरला मी फिजिक्स शिकवतो, हे तुम्हाला माहीतच आहे. अकरावीची सुट्टीतली बॅच होती. गतीचे नियम चालू होते.

मी दरवर्षीचं उदाहरण दिलं. बस एकदम सुटली की आपण मागं जातो. बसमधलं सगळंच मागं जातं. जडत्व. कळलं? चला पुढं.

तिसऱ्या बाकावरून हात वर झाला. निलंग्याची रेणुका. वडील एसटीत कंडक्टर.

"सर, पन फुगा पुढं जातोय."

"कसला फुगा?"

"गॅसचा. आमच्या बारकीचा वाढदिवस होता, म्हणून पप्पांनी स्टँडवर घेतला. दोरी माझ्याच हातात होती. गाडी सुटली, आमी सगळे मागं, अन् फुगा पुढं."

मी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

"फुग्याला काय वेगळं फिजिक्स आहे का गं? खिडकीतून वारं आलं असेल."

"काचा बंद होत्या सर. मी बघितलंय की."

"बरं. आता बस खाली. ए फुगा!"

सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून तिचं नाव फुगा पडलं. ते नाव मी पाडलं, दुसऱ्या कुणी नाही.

संध्याकाळी घरी चहा पीत सहज मोबाईलवर शोधलं.

बसमध्ये हवाही असते. गाडी सुटली की तीसुद्धा मागं रेटली जाते. गॅसचा फुगा हवेपेक्षा हलका. मागं दाटलेली हवा त्याला पुढं ढकलते.

चार ओळींचं उत्तर. माझा चहा गार झाला.

उद्या वर्गात सांगू, असं ठरवलं. उद्या टेस्ट होती. परवा पोर्शन मागं पडला होता.

खरं सांगू? लाज वाटत होती. लातुरात "सर चुकले" ही बातमी पोरं जिना उतरायच्या आत समोरच्या क्लासमध्ये पोचलेली असते.

आधी रेणुका दिवसाला तीन-तीन डाऊट काढायची. "अगं, आमचं जेवण राहिलंय," असं म्हणून मी तिला पिटाळायचो. त्यानंतर मात्र तिनं एकदाही हात वर केला नाही. "काही डाऊट?" असं विचारताना माझी नजर तिसऱ्या बाकाकडं जायची. ती वहीत बघत बसलेली असायची.

आणि मला बरं वाटायचं. हे लिहायला जड जातंय, पण मला बरं वाटायचं.

श्रावणात तिला डेंग्यू झाला. लातूरच्या दवाखान्यातून नांदेडला हलवायचं चाललं होतं. त्याआधीच गेली.

निलंग्याला तिच्या घरी बसायला गेलो. तिच्या वडिलांनी मला आपल्याशेजारी बसवून घेतलं.

"सर, तुमचं लई नाव घ्यायची बगा," ते म्हणाले. "तुमी फुग्याचं न्हाई म्हणलाव ना, तर त्या रविवारी पुन्हा एक फुगा घेतला. माझ्या गाडीत दोन फेऱ्या मारल्या. भर उन्हाळ्यात काचा लावायला लावल्या समद्यांला! प्यासिंजर मला शिव्या देत व्हते."

ते हसले.

"मी म्हणलं, जा, सरांला सांग. तर म्हणली, नको पप्पा. सर एवढ्या पोरांसमोर बोललेत. त्यांला कसं वाटंल."

सोळा वर्षांची पोर माझी अब्रू राखत होती. मी तिला फुगा म्हणत होतो.

"बरोबर व्हतं का ओ सर तिचं?"

मला उत्तर माहीत होतं. घरात माणसं बसली होती. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो,

"बघून सांगतो."

चार वर्षं मी बघतोय.

गतीचे नियम तेव्हापासून दुसऱ्या सरांना देतो, घसा बसलाय असं सांगून. एसटीत बसलो आणि गाडी सुटली की वर छताकडं बघतो. तिथं काहीच नसतं. तरी बघतो. वर्गात तिसऱ्या बाकावर आता दुसरीच पोरगी बसते. तिनं हात वर केला की माझ्या हातातला खडू थांबतो.

आज सकाळी स्टँडवर गेलो. निलंग्याची गाडी लागली होती. रेणुकाचे वडील दारात उभे होते, तिकिटाचं मशीन गळ्यात. केस पार पांढरे झालेत.

"रेणुकाचं बरोबर होतं," मी म्हणालो. "मी चुकलो होतो. मला त्याच दिवशी कळलं होतं."

मागं माणसं चढायला थांबली होती. त्यांनी मला हातानं जरा बाजूला घेतलं.

"मला ठावं हाय सर. मी गाडीतच व्हतो की."

मग म्हणाले, "तिच्या आईला सांगतो आज. सर आले होते म्हणून."

दार लागलं. दोनदा बेल वाजली. गाडी गेली.

पोरांनो, त्या दिवसाची वही कुणाकडं असेल, तर तेवढं दुरुस्त करून घ्या. आणि तिचा विषय निघाला तर फुगा म्हणू नका. तिचं नाव रेणुका होतं.

रेणुका, तुझं बरोबर होतं. सगळ्यांसमोर चूक म्हणालो होतो, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतोय.

लई उशीर झाला, बाळा. माफ कर तुझ्या सरांना.