पाहुणे येण्याआधीचा सामना

घरात कुणी कबड्डीचा विषय काढला की मी उठून स्वयंपाकघरात जाते. सुनांना वाटतं, सासूबाईंना खेळातलं काही कळत नाही. कळतं हो. चांगलं कळतं, म्हणूनच उठते. बसले तर तोंडाचा पट्टा सुटेल आणि पोरांच्या खेळाचा विचका होईल.

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं तेव्हाची गोष्ट. आमचं खेडं नांदुऱ्यापासून बैलबंडीच्या वाटेवर. माझा धाकटा भाऊ माहेरच्या गावाकडून हुतुतू खेळायचा. लाऊडस्पीकरवर त्याला कबड्डी म्हणायचे, आमच्या तोंडी हुतुतूच. सासरी त्याची किंमत शून्य. सासूबाई चुलीपुढे बसून म्हणायच्या, "तुह्या भावाले दुसरं काही येते का व? एवढा जवान पोरगा अन् मातीत लोयते." म्हणायच्या त्या माझ्या लेकरांसमोर. सहा वर्षांची मुलगी गप्प ऐकून घ्यायची, पण चार वर्षांच्या पोराला पोच कुठली? मामा भेटायला आला तर त्याच्या मांडीवर बसून त्यानं विचारलं, "मामा, तू मातीत काऊन लोयतं?" भाऊ हसला. मला मात्र जेवण गेलं नाही.

म्हणून नांदुऱ्याच्या स्पर्धेत त्याचा संघ शेवटच्या सामन्यात पोचल्याचं कळलं, तेव्हाच मी ठरवलं की लेकरांना न्यायचं. मामा कोण आहे ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मला दुसरं काही नको होतं.

आमचे मालक म्हणाले, "जाय, पण मले पैसे मांगू नको." नाहीच मागितले. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला आणि तिकिटापुरते जमवले. येण्याजाण्याची सोय आमच्या गल्लीतल्या चाचांनी केली. ते आपला कापूस सरकी काढायला नांदुऱ्याच्या जिनात नेणार होते. त्यांच्या बंडीत कापसाच्या ढिगावर आम्ही तिघं बसलो. "बेटी, लेकरायले मधात बसव, नाही तं पडतीन," चाचा दर वळणावर मागं वळून सांगत. परत येतानाही रिकाम्या बंडीतूनच यायचं ठरलं. भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा फडक्यात बांधून घेतला होता.

मैदानाला कनात बांधली होती. दारावरच्या माणसानं सांगितलं की कडेवरचं लेकरू फुकट, पायानं चालणाऱ्याला अर्धं तिकीट. मी एका कडेवर पोराला घेतलं, दुसऱ्या कडेवर पोरीला उचललं. तिचे पाय माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. तो म्हणाला, "बाई, एवढी मोठी पोरगी कडेवर?" मी म्हटलं, "काटा मोडला तिच्या पायात." पोरगी इतकी इमानी की त्यानंतर दिवसभर लंगडतच राहिली.

आत पाहते तर मैदानाच्या अगदी पुढ्यात मांडव घातलेला, त्यात पांढऱ्या चादरी घातलेले सोफे. बायकांची जागा त्याच्या मागं, कडेला, जमिनीवर. सोफे रिकामे, पण लेकरांना पुढं बसू देतील तर शपथ! पोरगी जरा सरकली तर बिल्लेवाला स्वयंसेवक धावून आला. रिकाम्या सोफ्यांच्या पाठी बघायला मी कापूस वेचला होता की काय!

दुपार झाली. लाऊडस्पीकरवर एकच घोषणा, "प्रमुख पाहुणे निघालेले आहेत." तास गेला, तरी पाहुणे निघालेलेच. दोन्ही संघ चड्ड्या घालून उन्हात उभे. फडक्यातल्या भाकरी संपल्या. रेवड्यावाला समोरून फिरत होता आणि पोराची मान त्याच्याबरोबर फिरत होती. मी म्हटलं, "मामा जितला की घेऊ." शेवटी माणसं ओरडायला लागली, कनात हलवायला लागली, तेव्हा कुठं पंचांनी शिट्टी वाजवली.

सामना असा झाला की काय सांगू! भावाचा संघ मोजून सात जणांचा. बदली गडी आणायला एसटीचं भाडं कुठून आणणार? समोरचा संघ तालुक्याचा, त्यांचे ताजे गडी बाजूला बसलेले. तरी आमची पोरं हटली नाहीत. मी पोराला खांद्यावर घेतलं, पोरीला माझ्या चपलांवर उभं केलं. शेवटच्या चढाईला भाऊ गेला. चौघांनी त्याला धरलं, एकानं पाय, एकानं कंबर. त्यानं दम सोडला नाही. मातीत लोळत, फरफटत, हात लांब करून त्यानं मधली रेघ शिवली. चौघं एकदम बाद! पाठोपाठ शेवटची शिट्टी झाली. लोकांनी त्याला खांद्यावर उचललं, गुलाल उधळला. पोरगी लंगडणं विसरून नाचत होती. मी रेवड्या घेतल्या. आयुष्यात इतक्या आनंदानं मी कधी पैसा खर्च केला नाही.

आणि मग धुरळा उडवत जीप आली.

हारतुरे झाले. पाहुणे सोफ्यावर बसले आणि म्हणाले की आम्ही मुद्दाम खेळ बघायला आलो. झालं! मांडवात कुजबुज झाली आणि लाऊडस्पीकरवाल्यानं घसा साफ केला. "प्रमुख पाहुण्यांच्या आगमनापूर्वी झालेला सामना सरावाचा समजण्यात यावा. अंतिम सामना आता सुरू होत आहे."

मी उभी राहिले. डोक्यावरचा पदर कुठं गेला ते मला ठाऊक नाही. "झाला सामना!" मी ओरडले. "आम्ही पाह्यला! माह्या लेकरांनी पाह्यला! सरावाचे तिकिटं घेतले होते काय आमच्यापासून?" माणसं मागं वळून हसली. बिल्लेवाला आला आणि म्हणाला, "बाई, एका तिकिटात दोन सामने पाहायले भेटून राह्यले, अन् वरून कल्ला करता? बसा खाली." त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. अजून हात शिवशिवतो.

पण खरा संताप आला तो भावाचा. मला वाटलं, तो आता कप तुमच्यापाशीच ठेवा म्हणेल आणि सहा जणांना घेऊन निघून जाईल. त्यानं काय केलं? अंगावरचा गुलाल पुसला आणि जाऊन मैदानात उभा राहिला. दम संपलेला, गुडघा सोललेला. समोरच्यांनी आपले ताजे गडी उतरवले. मग काय, चढाईला गेला की सापडला, गेला की सापडला. हरले. दुसऱ्या नंबरचा छोटा कप पाहुण्यांनी दिला, तेव्हा भावानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. माझी लेकरं बघत होती.

तो भेटायला आला, तेव्हा मी विचारलं, "तू काऊन बोलला नाही बे?"

"जाऊ दे ना बाई," तो म्हणाला. "पाव्हण्यायले काय म्हनाव?"

पोराच्या गालात रेवडी होती. ती त्यानं चघळणं थांबवलं आणि मला विचारलं, "आई, मंग रेवडी वापस द्या लागते का?" मी त्याला जवळ ओढलं. भाऊ मान फिरवून उभा राहिला.

रिकाम्या बंडीतून परत निघालो. चाचांनी एकदा विचारलं, "क्या हुवा, बेटी?" मी पोराच्या अंगावर पदर घातला. सांगायला लागले असते तर रडले असते, आणि त्या बिल्लेवाल्यासाठी मला रडायचं नव्हतं.

घरी सासूबाई ओसरीत वाटच बघत होत्या. बंडीतून उतरते न उतरते तोच त्यांनी विचारलं, "काय झालं व? जितला का तुहा भाऊ?"

मी फडकं उचलायला बंडीकडे वळले. पोरगी माझ्या मागं लपली. पोरानं मात्र आजीपुढे जाऊन, काल काय जेवलो ते सांगावं तसं सांगितलं,

"मामा जितला. मंग पाव्हणे आले."