सगळं बसवणारी लेन्स आणि तलावाचं टोक

शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. चंद्रपूरच्या बसस्थानकावर गडचिरोलीच्या गाडीची वाट बघत मी बाकावर बसलो होतो आणि लेन्सचं झाकण नीट लागलंय का, ते पुन्हा एकदा बघत होतो. लेन्स माझी नव्हती. हरवली, पडली, चरा गेला, तर एकतीस हजार माझ्या अंगावर येणार होते.

आधी कारण सांगतो. बारावी नापास झाल्यापासून मी चंद्रपुरात एका फोटो स्टुडिओत काम करतो. लग्नात लाइट धरतो, पाहुण्यांना मागेपुढे सरकवतो, मालक जेवायला बसले की दोन-चार फोटो काढतो. रोज सहाशे रुपये. स्वतःच्या नावावर ऑर्डर मिळवायचा प्रयत्न केला, तर फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "वाइड आहे का? हॉल पूर्ण येते का?" नाही म्हटलं की फोन बंद. आता मालकांनी त्यांची जुनी अल्ट्रा वाइड, म्हणजे सगळ्यांत रुंद दृश्य घेणारी लेन्स, विकायला काढली. म्हणाले, "तीन दिवस घेऊन जा, फिरव. मंगळवारी पैसे आण नाही तर लेन्स आण." माझ्याकडे बावीस हजार होते, तेही चार वर्षांचे. एप्रिलमध्ये लग्नं आहेत. घेतली तर कदाचित लाइट धरणं सुटेल. चुकली तर चार वर्षं पाण्यात. म्हणून मी तिला घेऊन गडचिरोलीकडे निघालो. तिकडे माझी मावशी राहते, जंगल आहे, नदी आहे, मोठं मंदिर आहे. लेन्स तपासायला याहून चांगलं काय?

इंटरनेटवर एकाने लिहिलं होतं की नवी लेन्स कळायची असेल, तर बाकीच्या घरी ठेवून जा. मी ठेवून गेलो. तुम्ही जाणार असाल तर हे ऐकू नका.

चंद्रपूर ते गडचिरोली तिकीट दीडशेच्या आत. मूलच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जंगल लागतं. पानगळ सुरू झाली होती आणि उजेड खोडांच्या मधून तिरपा येत होता. मी खिडकीतून फोटो काढले. डोळ्याला जंगल अंगावर आल्यासारखं वाटत होतं, आणि स्क्रीनवर खिडकीची चौकट, पुढच्या सीटवरच्या बाईंची पिशवी, माझा स्वतःचा गुडघा आणि फार लांब कुठेतरी काड्यांची रांग. ही लेन्स जवळचं मोठं करते आणि लांबचं हाकलून देते. वाघ दिसला असता, तर तोही मांजराएवढा आला असता.

गडचिरोलीला तर्री-पोहा खाल्ला, चाळीस रुपये. तिथून चामोर्शीची बस, पुढे ऑटोने मार्कंडा. महाशिवरात्रीची जत्रा जवळ आली होती, पाळण्यांचं लोखंड येऊन पडलं होतं. वैनगंगेच्या काठावरची मार्कंड्याची दगडी मंदिरं बघितली आणि मला वाटलं, याच्यासाठीच ही लेन्स बनली असेल. एका कोपऱ्यात उभं राहून सगळं आवार एका फोटोत बसलं. पण शिखर पूर्ण यावं म्हणून कॅमेरा जरा वर केला, की मंदिर मागे झुकायचं, जणू आत्ता नदीत पडतं. भिंतीवरच्या मूर्तींचे चेहरे मुंगीएवढे. नारळ विकणारे एक म्हातारे बाजूला उभे राहून बघत होते.

"दाखव बरं," ते म्हणाले. मी दाखवलं.

"काऊन गा, एवढं मोठं देऊळ, तुया फोटोत तं देव्हारा दिसून राह्यला!"

"काका, पूर्ण आलंय पण."

"पूर्ण आलं, पण गेलं कुठी?"

मी नारळ घेतला, तीस रुपये, आणि तिथून निघालो.

मावशीचं गाव चामोर्शीपासून ऑटोने अर्ध्या तासावर. गावाला मोठा जुना तलाव आहे आणि गावातली निम्मी घरं त्या तलावातल्या मासळीवर जगतात. रविवारी सकाळी मोठं जाळं ओढायचं होतं. हे वर्षातून एकदाच होतं. मासेमारांच्या संस्थेचा सचिव राजू संध्याकाळीच मावशीकडे आला. माझ्याच वयाचा, बोलायला घाईचा. "भाऊ, फोटो असा पायजे की आख्खा तलाव, आख्खं जाळं, सगळे मेंबर. बॅनर करतो. पंधराशे देतो."  लेन्सची ही पहिली कमाई.

तो गेल्यावर शेजारचे सोमाभाऊ आले. सत्तरी उलटलेली, उजवा खांदा खाली आलेला. मोठं जाळं ओढताना दोन्ही टोकांच्या दोऱ्या सगळ्यांत जुन्या माणसांच्या हातात असतात. तरणी पोरं मधे छातीभर पाण्यात चालतात, पण एक टोक पुढे आणि दुसरं मागे झालं की मासा निसटतो, म्हणून चाल टोकवाले ठरवतात. डावं टोक सोमाभाऊंचं. खांद्यामुळे हे त्यांचं शेवटचं वर्ष होतं, दोरी पुतण्याकडे जाणार होती.

त्यांनी दोनशे रुपये पुढे केले. "दोरी धरलेला एक काढजो माया. फ्रेम करून दे. घरात माया एकच फोटो हाये, तोही तहसीलच्या कामाचा. त्याच्यात मी चोरावानी दिसतो."

मी म्हटलं, "सोमाभाऊ, पैसे नको."

"फुकटचा फोटो भितीवर नाई लावत मी. घे."

घेतले.

रविवारी सकाळी पाळीवर आख्खं गाव. तलावाची पाळ म्हणजे मातीचा बांध. मी त्यावर बरोबर मधोमध उभा राहिलो, कारण राजूला सगळं हवं होतं. जाळ्याची कमान जवळ येत गेली, पोरं ओरडत होती, "डावीकडून हळू! सोमाभाऊ, लग्नाले चालले का?" बायका पाट्या घेऊन काठावर. शेवटी जाळं आवळलं आणि पाणी उकळल्यासारखं झालं, रोहू आणि कतला उड्या मारायला लागले. एवढंच पाच-सात मिनिटांचं. मी थांबलो नाही. सगळं बसत होतं: दोन्ही टोकं, मधली पोरं, पलीकडची झाडं, आभाळ. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाला "जरा सरका" म्हणावं लागलं नाही. त्या आनंदात मी जागा सोडून डावीकडे सोमाभाऊंकडे गेलोच नाही.

काठावर मासळीचे वाटे पडत होते, घरटी एक ढीग. तिथेच पोरांनी कॅमेऱ्याभोवती गर्दी केली. मधलं सगळं झकास होतं. मग एकाने डावीकडे बोट ठेवलं.

या लेन्समध्ये कडेला आलेला माणूस ताणला जातो. हे मी वाचलं होतं. लग्नाच्या ग्रुपमध्ये काठावरच्या काकू जाड येतात, एवढंच माहीत होतं. सोमाभाऊ माझ्या सगळ्यांत जवळ होते आणि फोटोच्या अगदी काठावर. डोकं आडवं पसरलेलं, हात वल्ह्याएवढा लांब, दोरी धरलेली बोटं भाकरीसारखी चपटी. एका फोटोत नाही, सगळ्या फोटोंत.

"हे कोणतं कोहळं हाये रे बाप्पा?" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

सोमाभाऊ ओल्या धोतरानेच आले. डोळे बारीक करून बघितलं. "हा कोण?"

 पोरं आपापल्या वाट्यांकडे वळली. सोमाभाऊंना कळलं. ते म्हणाले, "तहसीलवाल्यानं तरी माणूस काढला होता," आणि आपला वाटा उचलायला गेले.

दुपारी मावशीने रोहूचा रस्सा आणि भात वाढला. मला काही सांगावं लागू नये म्हणून तीच बोलत राहिली. जेवून मी सोमाभाऊंच्या घरी गेलो. म्हटलं, "आत्ता पाळीवर चला, दोरी धरून उभे राहा. मी मोबाइलने काढतो, चांगला येईल."

"सुकी दोरी धरून? नाटकात काम करून राह्यलो का मी?" ते रागावले नव्हते. तेच वाईट होतं.

सोमवारी आलापल्लीच्या सागवानात जायचा बेत होता. लोक सांगत होते की लोहखनिजाच्या ट्रकांनी त्या रस्त्याला वेळ लागतो आणि झाडांवर लाल धूळ बसलेली असते, तेव्हा जाणार असाल तर पहाटेच निघा. मी गेलोच नाही. राजू मला चामोर्शीला बॅनरच्या दुकानात घेऊन गेला. संगणकावर फोटो मोठा केला तेव्हा दुकानदारही हसला. मी तासभर बसून सोमाभाऊंचं डोकं सरळ करायला बघितलं. डोकं जागेवर यायचं, तर पाळ वाकायची.

राजूने घड्याळ बघितलं. "भाऊ, काठ कापून टाक ना. जाळं तं येऊनच राह्यलं."

"मग डावं टोक कोणी धरलंय ते दिसणार नाही."

"दिसून काय करायचं? पुढच्या साली ते नाईतच टोकावर."

कापायचं बटण माझ्याच हाताखाली होतं. उजवं टोक धरलेले भाऊ माझ्यापासून जरा लांब होते म्हणून बचावले. बॅनर छान आला. सगळ्यांनी मान डोलावली. त्यावर दोरी डावीकडे जाते आणि चौकटीत संपते.

आता तुमचा प्रश्न, घ्यावी का? हौसेसाठी फिरत असाल तर नका घेऊ. जंगल लांब पळतं, देऊळ झुकतं, काच बाहेर फुगलेली असल्याने दर दहा मिनिटांनी पुसावी लागते. घ्यायचीच असेल तर माणसं मधे ठेवा, काठावर झाडं येऊ द्या, आणि दुसरी लेन्स पिशवीत असू द्या. पण तुम्हाला ऑर्डर हवी असेल, तर घ्यावी लागेल. ज्यांना हॉल मोठा दिसायला हवा असतो ते पैसे देतात, आणि काठावर कोण उभं होतं हे ते विचारत नाहीत. बॅनर बघून राजूच्या ओळखीने एप्रिलची एक ऑर्डर आली, बारा हजारांची. मंगळवारी संध्याकाळी मी मालकांपुढे बावीस हजार ठेवले.

लेन्स एकतीस हजार, दिले बावीस, देणं नऊ. मालक दर महिन्याला तीन कापून घेणार, म्हणजे तीन महिने लाइटही मीच धरणार. प्रवास, ऑटो, चहा-नाश्ता आणि मावशीकडे नेलेली मिठाई मिळून नऊशे साठ. बॅनरचे मिळाले पंधराशे. सोमाभाऊंचे दोनशे मावशीच्या हाती परत पाठवले. मला वाटलं होतं की ते घेणार नाहीत, म्हणतील राहू दे, पुढे कधी काढून दे. मावशी म्हणाली, त्यांनी नोटा उलटसुलट करून बघितल्या आणि खिशात टाकल्या.