सुनेच्या हातचं पाणी

माझ्या सुनेबद्दल आसेगावात जे बोललं जातं, ते पूर्ण खरं नाही. कोरोनाच्या ड्युटीनं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं लोक म्हणतात. लग्नकार्यात कुणी विचारलं की मीही मान हलवत आलो. आता वय झालं. माझ्यामागे हीच गोष्ट खरी म्हणून राहू नये.

ती वाशीमला कोविड वॉर्डात नर्स होती. दुसऱ्या लाटेत माझे थोरले बंधू तिथंच भरती झाले. आम्हाला आत सोडत नव्हते. त्यांचा फोन यायचा.

"इथं साऱ्या बाया चंद्रावर निंगाल्यावानी दिसतात," ते म्हणायचे, "पण तुही सून बरोबर ओळखू येते. साऱ्यात जास्त मलेच रागावते."

मागून तिचा आवाज यायचा, "मोठे मामाजी, मास्क लावा आधी. चुगल्या मंग करा."

त्यांची तब्येत बिघडली तेव्हा मी तिला फोनवर म्हणालो, "बाई, माणूस चालला असं वाटलं तं तोंडात पाणी घाल. आपल्या घरचं तूच हायेस तिथं." घरातली गंगाजलाची बाटली तिनं त्यांच्या उशाशी नेऊन ठेवली.

ते गेल्याचं तिनंच कळवलं. माझा पहिला प्रश्न होता, "पाणी देल्लं का?"

तिनं आधी मला खाली बसायला सांगितलं. मग म्हणाली, "देल्लं."

देह घरी आला नाही, तोंड पाहता आलं नाही. तेरवीला आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं, पाणी मात्र घरच्या माणसाच्या हातचं मिळालं. तेवढ्याच आधारावर मी उभा होतो.

लाट ओसरल्यावर एका संध्याकाळी ती चहा घेऊन ओसरीवर आली आणि तिथंच बसली.

"मामाजी, म्या पाणी नाई देल्लं."

"काहून?"

"दम लागून राह्यला होता त्यायले. ऑक्सिजनचा मास्क काढला असता तं जीव तिथंच गेला असता. वाटलं, जरा श्वास जमला की देऊ. तेवढ्यात बाजूच्या बेडवरची बाई आखडली, म्या तिकडे धावली. वापस आली तं..." तिनं चहा माझ्याकडे सरकवला. "त्यायनं बाटलीकडे बोट दाखवलं होतं, मामाजी. डोये मिटले की तेच बोट दिसते."

ती शेवटपर्यंत त्यांना जगवायला पाहत होती. मीच ते जाणार असं धरून बसलो होतो. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. चहा तसाच ठेवून मी उठलो.

दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखा माझ्या ताटाजवळ पाण्याचा लोटा ठेवला. मी उठून स्वतः माठातलं पाणी घेतलं. त्यानंतर तिच्या हातचं पाणी प्यालो नाही. एक शब्द वाकडा बोललो नाही, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं. ती रोज लोटा ठेवायची आणि जेवण झाल्यावर भरलेला उचलून न्यायची.

मग तिची झोप गेली. घरभर पाण्यानं भरलेले पेले दिसू लागले, खिडकीत, पलंगाखाली, देवाजवळ. एका दुपारी माझा मुलगा झोपला होता आणि ती चमच्यानं त्याच्या ओठांवर पाणी सोडत होती. तो ठसका लागून दचकून उठला. त्यानं तिला अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं. मीही सोबत होतो.

"घरात काही झालं का?" डॉक्टरांनी विचारलं.

ती माझ्याकडे पाहत होती.

"काही नाही," मी म्हणालो. "ड्युटीच लय झाली तिची."

नोकरी सुटली. आता ती अनसिंगला आईकडे असते. मुलगा दर रविवारी जातो. मी इतक्या वर्षांत गेलो नव्हतो. मागच्या महिन्यात गेलो.

ती अंगणात तूर निवडत होती. मला पाहून हसली. बीपीची गोळी घेता का, म्हणून विचारलं. नर्सच ती.

"बाई, पाणी आण," मी म्हणालो.

तिनं आत हाक दिली, "आई, मामाजीले पाणी दे."

"तुह्या हातचं दे."

"माह्या हातचं कायले?" ती सहज म्हणाली, पेशंटचं पथ्य सांगावं तसं. "तुमाले चालत नाई ना."

"चालते, बाई," मी म्हणालो. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. ती पुन्हा खाली वाकून खडे वेचत होती. तिची आई पेला घेऊन बाहेर आली.