दसऱ्याच्या आत काळी गाडी

आटपाट पनवेल होतं. तिथे दत्ताराम नावाचा माणूस मोटारी विकायचा, आणि त्याला मोटार चालवता येत नव्हती! त्याची बायको सुभद्रा, म्हणजे मी. मालक बाबूशेठ. आणि चौथी ती काळी गाडी, जी कोणी घेता घेत नव्हतं.

किस्से म्हणजे मिठागरातलं मीठ. दिवसांचं पाणी उडून जातं, हे तळाला साचत राहतात.

बाबूशेठचं जुन्या मोटारींचं आवार मुंबई-पुणे रस्त्याला लागून होतं. मागची एक खोली आम्हाला राहायला. नोकरी होती म्हणून खोली होती.

*

गिऱ्हाईक म्हणायचं, "चालवून दाखवा." की हे किल्ली त्याच्याच हातात ठेवायचे. "मी चालवली तर म्हणाल, सराईत हात आहे. तुम्ही चालवा, म्हणजे गाडीचा गुण कळेल!"

एकदा एकजण म्हणाला, "मला कुठे येते?"

दोघे तासभर आत बसून गप्पा मारून उतरले!

*

काळी ढकलल्याशिवाय सुरू व्हायची नाही, आणि मागची एक काच वर चढायची नाही. वैशाखात विचुंब्याचा एकजण 'ट्रायल' म्हणून ती घेऊन गेला, बरोबर यांनाही नेलं. दुपार टळली तरी पत्ता नाही. मी दारात आणि रस्त्यात, रस्त्यात आणि दारात!

संध्याकाळी हे परतले. डोक्याला फेटा, हातात लाडू! ट्रायल नवरदेवाची होती. सगळ्या वऱ्हाडाने मिळून ढकलली म्हणे.

"मग घेतली का गाडी?"

"नाही. म्हणाला, 'लगीन एकदाच करायचं हाय!'"

*

गणपती गेले आणि बाबूशेठ म्हणाले, "दत्ताराम, दसऱ्याला काळी आवारात दिसली, तर तुम्ही दिसणार नाही."

आणि पुढे पितृपक्ष! खरेदीचं नाव कोण काढतंय? माझा हात एका जागी ठरेना. घासलेली भांडी पुन्हा घासायची, लावलेलं अंथरूण पुन्हा झटकायची. रोज एक कावळा काळीच्या बॉनेटवर येऊन बसायचा. हे म्हणायचे, "हा तरी नेमाने बघायला येतो!"

*

घटस्थापनेला कोन गावचा एक शेतकरी आला, डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन. मावतो का ते बघायला! भारा डिकीत जाईना, म्हणून त्याने मागचं दार उघडलं, आणि हाताला अशी टोच बसली की भारा टाकून पळाला.

आत आमची तुरेवाली कोंबडी! उघड्या काचेतून शिरून, फाटक्या सीटवर अकरा अंडी घालून खुडूक बसलेली.

"काढ तिला!" हे ओरडले.

"बसलेली कोंबडी उठवू नये. अंडी नासतात."

"आणि आपण?"

पिल्लांना अजून वीस दिवस, दसऱ्याला नऊ! मी दिवसातून दहा वेळा खिडकीतून बघायची. कोंबडी शांत, मीच फडफडत होते. हे गिऱ्हाइकांना काळी फक्त पुढून दाखवायचे.

*

खंडेनवमीला गव्हाणची एक म्हातारी दोन मुलगे घेऊन आली. मिठागरवाले. मुलगे चकचकीत गाड्यांभोवती फिरू लागले. म्हातारीने थेट काळीच्या काचेत डोकं घातलं. यांचा चेहरा उतरला. बाबूशेठ धावत आले, "आजी, ती कोंबडी आत्ता काढतो!"

"हात नको लावू, शेठ! जिथं कोंबडी बिनघोर बसते, तिथं घर भरतं. आमाला हीच गाडी पायजे."

थोरला म्हणाला, "आये, इंजिन तरी बघू दे."

"खबरदार सुरू केलीस तर, मेल्या! ती उठंल!"

दसऱ्याला झेंडूची माळ घालून, पुढे दोन बैल जुंपून काळी गव्हाणला निघाली. मुलगे पुढे चालत, म्हातारी पुढच्या सीटवर आणि माझी तुरेवाली मागे, डोळे मिटून. त्या दिवशी मी महिन्याभराने एका जागी बसून जेवले.

यांची नोकरी पक्की झाली, खोली राहिली, वर पगारही वाढला. दिवाळीच्या तोंडावर गव्हाणहून आणखी दोघे आले. आवारातल्या एकाही चकचकीत गाडीकडे त्यांनी बघितलं नाही.

"शेठ, कोंबडी बसलेली गाडी हाय काय?"

बाबूशेठ धापा टाकत माझ्या दारात.

"वहिनी, दुसरी एखादी खुडूक आहे का हो?"