उंबरठा नसलेली रूम

कुणाच्याही दारात गेले की काका आधी खाली बघायचे. पायाचा अंगठा उंबरठ्याला लावायचे, उंची जोखायचे आणि पुटपुटायचे, "इथं अडकणार." घरमालक म्हणे, या की आत. हे दारातूनच परत.

तुम्ही बोईसरला राहिला असाल तर ठाऊक असेल, आमच्याकडे 'रूम' या एका शब्दात सगळं बसतं. आठ जणांनी पाळीपाळीनं झोपायची जागा ती रूम, नव्या जोडप्याचा संसार तीही रूम, दुकानदाराच्या गोण्या ठेवायची तीसुद्धा रूमच. काकांना हवी होती उंबरठा नसलेली. ती काही मिळेना.

काका आमच्या कारखान्यात फिटर, मूळचे साताऱ्याकडचे. तीस वर्षं कंपनीच्या क्वार्टरमध्ये काढली. साखरेच्या आजारानं काकूंची नजर गेली, तरी त्या घरभर बिनधास्त फिरायच्या, कारण तिथं दारापासून मोरीपर्यंत सगळी सपाट फरशी. आता काका रिटायर होणार होते आणि महिन्याभरात क्वार्टर सोडायची होती. गावाकडे दवाखाना लांब, म्हणून इकडेच राहायचं ठरलेलं.

"पडली म्हणजे काय करू रे?" जेवणाच्या सुट्टीत रोज हेच. डबा तसाच उघडा. माझंही डोकं फिरायचं.

"काका, सगळं जग उंबरठे ओलांडतं," मी एकदा खेकसलो.

"जगाला दिसतं," ते म्हणाले. मी त्यांचा डबा त्यांच्यापुढं सरकवला.

पालघर झालं, कोळगाव झालं, शेवटी वाणगावला एक रूम जमली. दवाखाना जवळ, मालकीणबाई शेजारीच. पण दारात चांगला चार बोटं उंच सागवानी उंबरठा. काकांनी तो काढू का म्हणून विचारलं तर बाई उखडल्या.

"घराचा उंबरठा काढतात काय? कुठची रीत हाय ही?"

काकूंचं सांगितल्यावर नरमल्या. "बरं, काढा. पण लाकूड मी ठेवते. ते फेकायचं नाय."

काकांनी उंबरठा अख्खा उपटला, खाच सिमेंटनं भरली आणि दहादा हात फिरवून पाहिला. त्या दिवशी माणूस पोटभर जेवला.

सामान हलवलं तेव्हा मीही होतो. काकू हळद-कुंकवाची वाटी घेऊन दाराशी आल्या, खाली बसल्या आणि फरशी चाचपायला लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"उंबरठा कुठाय?"

"काढला. तू अडखळशील म्हणून."

काकूंनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तीस वर्षं क्वार्टरमध्ये फरशीला कुंकू लावलं. म्हटलं, कंपनीचं आहे, चालायचंच. आता तरी घरात राहायला मिळेल असं वाटलं होतं. मला विचारायचं तरी होतं."

काकांचा चेहरा बघवेना. अर्धा तालुका पालथा घातला माणसानं, बायकोला तेवढं विचारायचं राहिलं. आणि मी मोठा शहाणा, मलाही सुचलं नव्हतं.

मालकीणबाई लाकूड घेऊन आल्या. काकांनी सिमेंट फोडलं, उंबरठा बसवला, पाचरी ठोकल्या. आयुष्यभर फिटरकी केलेला माणूस, पण हातोडी दोनदा बोटावर बसली.

काकूंनी कुंकू लावलं, चौकट धरली आणि पाऊल उचललं, हवं त्यापेक्षा कितीतरी वर. काकांचे दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे पसरलेले, अंगाला मात्र लावलेले नाहीत. पुढं रोज असंच. काकू दाराकडे निघाल्या की हे हातातलं टाकून मागे उभे.

गेल्या वर्षी काका गेले. काकू तिथंच राहतात, मालकीणबाई लक्ष ठेवतात. परवा गेलो होतो. निघताना मला पोचवायला त्या दारापर्यंत आल्या. मी आधीच अंगणात उतरलो होतो. त्यांनी चौकट धरली, पाऊल उचललं आणि मान जराशी मागे वळवून म्हणाल्या, "अहो, व्हा बाजूला. जमतंय मला."

मागे कुणीच नव्हतं.