मागे लावलेली गाडी

पार्टीत बसले की दादा आधी समोरचा ग्लास उपडा करायचे. "आपण पंचशीलवाले. अन् कोणाचे ड्रायव्हरही नाही," हे वर.

ड्रायव्हरचं कारण होतं. दादा नागपूरचे, नॉटिंगहॅमला माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात त्याचे सीनियर. पीत नाहीत म्हटल्यावर आम्ही मराठी मंडळींनी त्यांना गृहीतच धरलं. "दादा सोडतील की!" त्यांनी बरेच दिवस मुकाट्याने सगळ्यांना घरोघरी सोडलं. मग एका यजमानांनी नव्या पाहुण्यांना ओळख करून दिली, "हे आमचे ड्रायव्हर." सगळे हसले, दादा सोडून. तेव्हापासून कुणी लिफ्ट मागितली की "टॅक्सी बोलवा" म्हणायचे. आम्ही त्यांना शिष्ट ठरवून टाकलं.

लीड्सला एका मित्राकडे बारसं होतं. सगळे मुक्कामाला. सकाळी आंघोळ केली, कडक चहा घेतला की रात्रीची उतरते, अशी आमच्यात पक्की समजूत. नवरा तसाच तयार होऊन बाहेर आला. पाहतो तर दादांची गाडी आमच्या गाडीमागे आडवी, आणि ते गाडीतच बसून पोहे खातायत.

"दादा, गाडी काढा ना. आय ॲम फाइन."

"वास इथवर येऊन राहिला."

"अहो, रात्रभर झोपलोय! आमचा सेटलमेंटचा, इथे कायम राहायचा अर्ज जायचाय, घरी पेपर्स बघायचेत."

"म्हणूनच नाही काढत. पकडला गेलास तर अर्ज कोण पाहणार? अन् रस्त्यात कोणाचं लेकरू आलं तर?"

नवऱ्याने हॉर्न दाबून धरला. शेजारचे गोरे आजोबा खिडकीत आले.

"बोलव पोलिसांना," दादा म्हणाले. "तेच नळीत फुंकायला लावतील." आणि काच वर केली.

दुपारची जेवणं होईपर्यंत ते हलले नाहीत. नवऱ्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं. आमचा अर्ज मंजूर झाला, तेव्हा पेढे घेऊन मी एकटीच गेले.

"त्याने पाठवले?"

"नाही. मी आणलेत."

"मग दोन घेतो."

पुढे त्यांनी स्कॉटलंडला बदली मागून घेतली. "तिथं पिऊन गाडी चालवायचं लिमिट इथल्यापेक्षा कमी. आपल्या कामाचं गाव," म्हणाले. मला त्यांची फार आठवण येते.

आता आमच्याकडे कुणी मुक्कामाला असलं की सगळ्यांच्या मागे मी माझी गाडी आडवी लावते आणि सकाळी तिच्यात जाऊन बसते. शिष्ट म्हणतात, म्हणू देत. परवा सकाळी एक पाहुणा हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. नवरा बाहेर आला. मला वाटलं, गाडी काढ म्हणणार. त्याने खिडकीतून पोह्यांची बशी आत दिली.

मी काच वर केली.